हार्वेस्टरचा ठसका

"आता ठसका लागणार," शेंडेफळ म्हणाली आणि तिघंही बांधावर दोन पावलं मागे सरकली.

समोरच्या गव्हात मामाचा हार्वेस्टर चालला होता. पुढचं रुंद तोंड गहू कापत होतं, मागून भुसा उडत होता आणि मधल्या पोटातून एकसारखी घरघर येत होती. मग घरघर अचानक हलकी झाली. आपण घरी काहीतरी विसरून आलो हे यंत्राच्या एकदम लक्षात यावं, तशी. क्षणभर शांतता. मग आतून ‘धडाम्’. पुन्हा शांतता. पुन्हा ‘धडाम्’, या वेळी जास्त मनापासून. शेवटी एक लांबलचक कण्हणं, आणि इंजिन बंद.

मागच्या बाजूने भुशाचा एक गठ्ठा जमिनीवर पडला. तो सोफ्यावरच्या उशीएवढा होता आणि दिसायलाही तसाच होता.

मामा केबिनमधून उतरला नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोर बघत बसला. समोर बघण्यासारखं काही नव्हतं, फक्त न कापलेला गहू होता.

शेंडेफळ मामाची मुलगी. वय आठ. बोलायची कमी आणि दिसेल त्याचं चित्र काढायची. गेल्या वर्षी तिने दातांच्या डॉक्टरांचं काढलेलं चित्र बघून डॉक्टरांनी केस कापून घेतले होते. ताई आणि वकील ही तिची आतेभावंडं, सुट्टीला आलेली. ताई तेरा वर्षांची होती आणि घरातल्या सगळ्या गोष्टींची जबाबदारी आपल्यावर आहे असं तिला वाटे. बऱ्याचदा ते खरंही असे. वकील तिचा धाकटा भाऊ. त्याला दात घासायला सांगितलं तरी तो आधी दात अस्वच्छ असल्याचा पुरावा मागे, म्हणून वकील.

गठ्ठा पडला तशी शेजारच्या काकूंची बदकं एका रांगेत, कुणी बोलावल्यासारखी आली आणि त्यावर बसून जेवू लागली.

"बदकं भुसा खात नाहीत," वकील म्हणाला.

त्याने गठ्ठ्याचा एक कोपरा बदकांशी थोडी वाटाघाट करून काढून घेतला आणि हातावर चोळला. तळहातावर गहू उरला. टपोरा, चांगला गहू, जो यंत्राच्या टाकीत असायला हवा होता. काही ओंब्या तर जशाच्या तशा होत्या, आतून फिरून आल्याचा कसलाही परिणाम न झालेल्या.

मोठ्यांकडे याची कारणं तयार होती. मामाच्या मते गहू ओला होता. मामाचा मित्र वेल्डरकाका, ज्याने या यंत्रावरचं सगळं वेल्डिंग केलं होतं, त्याच्या मते शेत वाकडं होतं. वेल्डरकाका आधी भिंती बांधायचा. तेव्हाची पाणसळ, म्हणजे भिंत सरळ आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, अजून त्याच्या खिशात असे. ती त्याने जमिनीवर ठेवली, बुडबुडा एका बाजूला गेलेला सगळ्यांना दाखवला आणि यंत्राला निर्दोष सोडलं. काकूंच्या मते बदकांची तब्येत सुधारत असल्यामुळे सध्या तक्रारीला जागा नव्हती.

गंमत अशी होती की हाच हार्वेस्टर शेडमध्ये अजिबात ठसकत नसे.

तो मामाने जुना घेतला होता. तेव्हा त्यात कोंबड्या राहत होत्या आणि त्यांनी ताबा सोडायला बरेच दिवस लावले. त्यानंतर दोन वर्षं मामा आणि वेल्डरकाका त्यात ‘सुधारणा’ करत होते. पहिल्याच वर्षीची सुधारणा सगळ्यात मोठी होती. कापलेला गहू आत एकसारखा, न अडखळता जावा म्हणून त्यांनी तोंडातली जुनी, झिजलेली बोटं काढून नवी, लांब बोटं बसवली होती. शेडमध्ये इंजिन सुरू करून वेल्डरकाका लांब दांड्याच्या काट्याने कापलेला गहू त्या तोंडात टाकत असे आणि हार्वेस्टर तो इतका शांतपणे खात असे की वेल्डरकाकाच्या डोळ्यांत पाणी यायचं. मुलांना हे सगळं जमिनीवरच्या खडूच्या रेषेमागून बघावं लागे. इंजिन चालू असताना रेष ओलांडायची नाही, हा मामीचा नियम होता, आणि मामीचे नियम ओलांडून बघण्याचा अनुभव सगळ्यांकडे होता.

शेडमध्ये शहाणा आणि शेतात वेडा. असं का, हे कुणीच विचारत नव्हतं, कारण सगळ्यांकडे उत्तरं होती.

दुपारी जेवताना मामीने उकडलेली अंडी वाढता वाढता सांगितलं, की काकूंचा गहू मामाच कापणार म्हणून काकूंनी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळी जायचंय. तिथे हे बंद पडलं तर त्यांचा गहू उभ्याउभ्या गळून जाईल.

"तेव्हा तिथे हे बंद पडलं," मामी म्हणाली, "तर मी भंगारवाल्याला फोन करणार नाही."

मामाचा चेहरा उजळला.

"कारण केलाय. शनिवारी दुपारी तो ट्रक घेऊन येतोय. काम नीट झालं तर त्याला चहा देऊन परत पाठवू. नाही झालं तर चहा आणि हार्वेस्टर."

मामाने वाद घातला नाही. तेच वाईट होतं. मामा एरवी हवामानाच्या अंदाजाशीसुद्धा वाद घालायचा. त्याने बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला, आणि शेंडेफळने साखरेचा डबा पुढे केला तेव्हा "असू दे" म्हणाला. मग शेडकडे गेला, आणि आतून बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

मुलांची सभा मामीच्या बसमध्ये भरली. मामी शाळेची बस चालवायची आणि सुट्टीत ती बस अंगणात रिकामी उभी असायची. ताई पुढच्या सीटवर बसली, वकील सगळ्यात मागे, कारण मागून बोललेलं जास्त ऐकू येतं असा त्याचा दावा होता.

"बाबा ते जाऊ देणार," शेंडेफळ म्हणाली. "त्यांनी हातमोजे धुऊन ठेवलेत."

 मामाचे हातमोजे दोन वर्षांत धुतले गेले नव्हते.

ताईने मुद्द्याला हात घातला. गहू तोंडातून आत जातो आणि मागून बाहेर पडतो. मध्ये त्याचं काय होतं हे कुणी पाहिलेलं नाही, कारण यंत्र चालू असताना जवळ जायचं नाही आणि यंत्र बंद असताना आत काही होत नाही. वकिलाने मागून सुचवलं की साक्षीदार आत पाठवावा. कुठला, ते त्याला सांगता येईना. मग ताईच म्हणाली की आपण आत जाऊ शकत नाही, पण कापड जाऊ शकतं.

मामीकडे चिंध्या मागायला ताई गेली. वाक्य पूर्ण व्हायच्या आत मामीने कपाट उघडून मामाचा सहलीचा शर्ट तिच्या हातात ठेवला. त्याच्या बाह्यांवर निळा समुद्र होता, पुढे पोपट आणि पाठीवर अननस. मामा तो लग्नांना घालायचा.

"सगळाच कापा," मामी म्हणाली. "बटणंसुद्धा परत नकोत."

बटणं मुलांनी काढून ठेवली, कारण ती यंत्रात गेली असती. शर्टाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आपल्या शेतातला उरलेला गहू कापून बघणार होता. तो यायच्या आधी तिघांनी त्या गव्हात पट्ट्या बांधल्या. आधी समुद्र, बरंच पुढे गेल्यावर पोपट, आणखी पुढे अननस. यंत्राने नीट खाल्लं तर मागून आधी समुद्र बाहेर पडायला हवा, मग पोपट, मग अननस, एकामागून एक, मधे अंतर ठेवून.

मामा आला, हार्वेस्टर निघाला. मुलं बांधावरून चालत राहिली. समुद्र तोंडात गेला. मागून काही आलं नाही. पोपट गेले. मागून काही आलं नाही. अननस गेले. घरघर हलकी झाली, शेंडेफळने कानांवर हात ठेवले, ‘धडाम्’ झालं आणि एक भलामोठा गठ्ठा खाली पडला. यंत्र बंद झाल्यावर आणि बांधावर आलेल्या मामीने किल्ली स्वतःच्या खिशात टाकल्यावर तिघांनी तो उसकटला. आत समुद्र, पोपट आणि अननस एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पडले होते.

वकील उकिडवा बसून विचार करू लागला. एवढ्या लांबलांब बांधलेल्या पट्ट्या एकत्र आल्या, म्हणजे पुढचा गहू आत कुठेतरी मागच्यासाठी थांबला. तिथे गर्दी झाली आणि मग सगळे एकदम आत घुसले. आतला ड्रम एकावेळी मूठमूठ गहू झोडपायला बनवलेला. त्याच्यावर सगळं शेत एकदम येऊन पडलं तर तो धडाम् करेल नाही तर काय. आणि दाणे न निघताच ओंब्या मागून बाहेर पडतील आणि बदकं जाडी होतील.

तेवढ्यात मामा उतरून आला आणि गठ्ठ्यातून एक पट्टी उचलून बराच वेळ बघत राहिला.

"हा पोपट ओळखीचा वाटतो," तो म्हणाला.

ताईने त्याला सांगितलं की पोपट साधारण सारखेच दिसतात.

थांबतो, पण कुठे, हे मग फार शोधावं लागलं नाही. ताईने पुढे जाऊन तोंडात डोकावून पाहिलं. तोंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड, आडवा रूळ होता, त्यावर स्क्रूसारखी पाती होती. मामा त्याला ऑगर म्हणे, बाकी जग ‘ते फिरणारं’ म्हणे. कापलेला गहू ते फिरणारं दोन्ही बाजूंनी मधे ढकलत आणतं. मधे असतात मामाची नवी बोटं, म्हणजे लोखंडी सळया. त्या रुळातून बाहेर येतात, गहू पकडतात, मागच्या घशाकडे नेतात, आणि घशापाशी पोचल्या की पुन्हा रुळात शिरतात, म्हणजे गहू त्यांच्यावरून सुटून घशात पडतो. तिथून साखळी त्याला ड्रमकडे ओढते. हे सगळं मामाने मुलांना पूर्वी एकदा समजावलं होतं, आणि थांबवेपर्यंत समजावलं होतं.

आता त्या बोटांभोवती गव्हाच्या काड्यांचा एक जाड पट्टा गुंडाळला गेला होता, मफलरसारखा. मफलरमधून एक पोपट बघत होता.

"बोटं सोडत नाहीयेत," ताई म्हणाली. "घसा येऊन गेला तरी बाहेरच राहतात. गहू त्यांना धरून पुन्हा एक चक्कर मारतो."

"मग शेडमध्ये बरी सोडतात," वकील म्हणाला.

खरी अडचण हीच होती. उरलेल्या पट्ट्या त्यांनी दुपारी शेडमधल्या गव्हात दडवल्या, आणि वेल्डरकाकाने तो गहू काट्याने तोंडात टाकला तेव्हा मागून शिस्तीत समुद्र आला, मग पोपट, मग अननस. यंत्र तेच. बोटं तीच. शर्टही तोच.

बसमध्ये वकिलाने फरक मोजायला घेतले. शेडला छप्पर आहे, शेताला नाही. शेडमध्ये वेल्डरकाका गातो, शेतात गात नाही. शेतात बदकं असतात. यातल्या गाण्याच्या मुद्द्यावर तो बराच वेळ अडून राहिला. ताईने त्याला विचारलं की मग शनिवारी वेल्डरकाकाला यंत्रापुढे गात चालायला लावायचं का, आणि तो खरंच विचारात पडला.

शेंडेफळ खिडकीच्या धुरकट काचेवर बोटाने चित्र काढत होती. दोन हार्वेस्टर काढून झाले होते. ताईने सहज वाकून पाहिलं आणि वाकलेलीच राहिली. एका चित्रात हार्वेस्टरचं तोंड वर होतं, दुसऱ्यात जमिनीला टेकलेलं.

"हे असं का काढलंस?"

"आहेच तसं," शेंडेफळ म्हणाली. "शेडमध्ये तो आकाशाकडे बघत जेवतो. शेतात पानात बघून."

तिघंही बसमधून अशी उतरली की पायऱ्यांनी तक्रार केली असती.

शेडमध्ये हार्वेस्टर उभा होता आणि त्याचं तोंड जाड लाकडी ओंडक्यांवर छातीएवढं उंच टेकवून ठेवलेलं होतं. कारण साधं होतं. मामाला कंबरदुखी होती. वाकायला नको म्हणून दोन वर्षं त्याने तोंडाचं सगळं काम उभ्याने केलं होतं. बोटं उभ्याने बसवली. ती कधी आत जावी आणि कधी बाहेर यावी हे ठरवणारा, बाजूला असलेला दांडा उभ्याने जुळवला. चाचणीसुद्धा उभ्याने घेतली. शेतात मात्र गहू जमिनीवर उगवतो, त्याला मामाच्या कंबरेची कल्पना नसते.

ताईने मोठ्यांना हे सांगून पाहिलं. शेडमध्ये मामा आणि वेल्डरकाका एक नवी सुधारणा आखत होते. स्वयंपाकघरातला पंखा तोंडासमोर लावून गव्हाला आत फुंकर मारायची, अशी ती योजना होती. मामा म्हणाला की बोटांचं काम एकदम चोख झालंय, बाळा, त्याला हात लावायचा नाही. वेल्डरकाका तर दुखावलाच. ज्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं होतं की दांडा बरोब्बर उभा ठेवा, त्याचं एकूण एक अक्षर पाळून त्याने दांडा पाणसळ लावून बसवला होता. त्यात केसाएवढा फरक नव्हता. फरक निघाला तर तो पाणसळ गिळून दाखवेल असंही तो म्हणाला.

"मोठी माणसं सांगून ऐकत नाहीत," बाहेर आल्यावर वकील म्हणाला. "विचारून ऐकतात. माझ्यावर सोड."

थोड्या वेळाने तो परत शेडमध्ये गेला तेव्हा भांग पाडून गेला होता. त्याने नम्रपणे सांगितलं की शाळेत सुट्टीचा प्रकल्प द्यायचाय, ‘आमच्या ओळखीचे संशोधक’, आणि त्याच्या ओळखीचे दोनच संशोधक आहेत. मामाने ताबडतोब पंखा खाली ठेवला. वेल्डरकाकाने मिशी सारखी केली. शेंडेफळ चित्र काढायला बसली, आणि वकिलाने विनंती केली की चित्रात यंत्र शेतात दिसतं तसंच दिसायला हवं, तेव्हा तोंड जरा खाली घेता का. संशोधकांना काय अडचण असणार. मुलं रेषेमागे गेली, मामाने इंजिन सुरू केलं, वेल्डरकाकाने ओंडके काढले, तोंड हळूहळू खाली आलं आणि जमिनीला टेकलं. इंजिन बंद झालं, किल्ली ताईच्या हातात आली.

मग वकिलाने चौकशी सुरू केली. दांडा कुठे आहे, तो का महत्त्वाचा आहे, तो नीट आहे हे कसं कळतं. वेल्डरकाकाने सांगितलं, पाणसळीने कळतं. वकिलाने विचारलं, पाणसळ कधी चुकते का. वेल्डरकाका नुसताच हसला. माणसं चुकतात, सरकारं चुकतात, पाणसळ चुकत नाही.

"मग एकदा लावून दाखवता का? शेंडेफळला बुडबुडा काढायचाय."

वेल्डरकाकाने ऐटीत पाणसळ खिशातून काढली आणि दांड्याला उभी लावली.

बुडबुडा नळीच्या एका टोकाला जाऊन लपला होता. वेल्डरकाकाने पाणसळीवर टिचकी मारली. बुडबुडा बाहेर आला नाही. त्याने ती पुसली, उलटी करून लावली, आपल्या कपाळाला लावून पाहिली. मग तो मागे सरकला आणि पहिल्यांदाच पाणसळीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दांड्याकडे पाहिलं. दांडा पुढे झुकलेला होता, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा. लांबूनही दिसत होता. दिसायला फक्त तोंड खाली असायला हवं होतं.

"पण मी सरळ बसवला होता," तो म्हणाला.

"सरळच बसवला होतात, काका," ताई म्हणाली. "तोंड वर असताना. आता सगळं तोंडच खाली कललं, तर दांडा एकटा कसा सरळ राहील? त्याच्याबरोबर बोटांची वेळही कलली. घसा येतो तेव्हा ती बाहेरच असतात."

 मामा दांड्याकडे बघत होता, मग ओंडक्यांकडे, मग स्वतःच्या कंबरेकडे, जितकं बघता येतं तितकं. त्याचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात तोंड वर घेत होता आणि खाली आणत होता.

"दोन वर्षं," शेवटी तो म्हणाला. "दोन वर्षं मी गव्हाला दोष देतोय."

वेल्डरकाका पाणसळ पाठीमागे लपवत होता, कारण ती गिळण्याबद्दल वकील आता काहीतरी विचारणार होता. वकिलाने उदार मनाने तो प्रश्न मागे घेतला.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. काकूंच्या गव्हात तोंड जेवढं खाली ठेवायचं तेवढंच खाली ठेवून दांड्याचा बोल्ट सैल करायचा, दांडा सरळ उभा करायचा आणि बोल्ट पुन्हा आवळायचा. फक्त बोल्ट आता घोट्याच्या उंचीवर होता. वेल्डरकाका पुढे झाला, पण मामाने त्याला हाताने अडवलं. चूक ज्याच्या कंबरेमुळे झाली त्यानेच वाकायला हवं, असं तो म्हणाला. तो वाकला. बोल्ट सैल झाला. शेंडेफळने बुडबुड्याकडे बघून "थोडा मागे, अजून, आता पुढे, थांब" असं सांगितलं, आणि बोल्ट आवळला गेला. सगळं अगदी नीट झालं, एवढंच की मामा वर येईना.

त्याला त्याच आकारात घरात नेण्यात आलं. दारातून नेताना थोडा विचार करावा लागला.

शनिवारी सकाळी हार्वेस्टर काकूंच्या शेताच्या कडेला उभा होता आणि तो चालवणारा माणूस एका जुन्या दारावर आडवा झोपलेला होता. ते दार मामाला शेतापर्यंत आणायला काढलं होतं, कारण मागे राहायला तो तयार नव्हता. वेल्डरकाकाने पूर्वी एकदाच हार्वेस्टर चालवला होता आणि तेव्हापासून गावच्या तळ्याचा आकार वेगळा होता. काकू बांधावर हाताची घडी घालून उभ्या होत्या. वर्षभराचा गहू समोर होता, पिकून वाकलेला, आणि वारा सुटला होता.

मामाने दारावरून आकाशाकडे बघत सांगितलं की काम रद्द करू, भंगारवाल्याला येऊ द्या, चूक सापडली एवढंही त्याला पुरेसं आहे. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न त्याने केला, पण त्याला ते जमलं नाही. शेंडेफळने त्याचा हात धरला.

 मामीने खिशातून किल्ली काढली, शिडी चढली, सीट पुढे ओढली, आरसा सारखा केला आणि खाली वाकून म्हणाली, "सगळे बांधाच्या मागे. हात आत, डोकी आत."

रोज सकाळी आरडाओरडा करणारी पोरं भरलेली बस जी बाई कुणाच्या डब्यातली आमटी न सांडता शाळेत पोचवते, तिच्या हाताखाली हार्वेस्टर धक्का न देता निघाला. तोंड खाली आलं. गहू वाकला, कापला गेला, आत गेला. घरघर सुरू झाली.

सगळे ऐकत होते. वकील डोळे मिटून ऐकत होता. मागून भुसा उडू लागला, उशा नव्हे, नुसता मोकळा, हलका, एकसारखा भुसा. शेताचं टोक आलं. मामीने वळण घेतलं, काकूंच्या कुंपणाला न स्पर्शता, आणि परत येऊ लागली. घरघर तशीच होती. शेंडेफळने कानांवर ठेवलेले हात हळूच काढले.

"अगं, थांब, गती जरा कमी," मामा दारावरून ओरडला, पण ते फक्त सवयीने. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आडवा असल्यामुळे ते कानात जात होतं.

काकूंनी भुशातून मूठभर उचलून चोळून पाहिलं. हातावर काहीच उरलं नाही. त्यांनी परत एकदा, दुसऱ्या जागी पाहिलं. मग त्या मुलांकडे आल्या, तिघांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की मुलं हुशार आहेत, बदकांना काय सांगायचं ते आपण बघू.

वेल्डरकाकाने कौतुक त्याच्या पद्धतीने केलं. त्याने पाणसळ शेंडेफळच्या डोक्यावर ठेवली, बुडबुडा बघितला आणि जाहीर केलं की या घरात एवढं एकच डोकं सरळ आहे. ताई आणि वकील यांनी निकालाविरुद्ध दाद मागितली, पण त्याने ऐकलं नाही.

भंगारवाला ट्रक घेऊन आला तेव्हा शेत जवळजवळ मोकळं झालं होतं. तो बराच वेळ बांधावर उभा राहून बघत होता. चहा त्याला शेतातच मिळाला. पिऊन झाल्यावर त्याने दारावर आडव्या पडलेल्या मामाकडे वाकून विचारलं, "माझ्या सासऱ्यांचा गहू उभा आहे अजून. हे यंत्र तिकडे येतं का?"

मामाने काही क्षण त्याच्याकडे उलट्या बाजूने पाहिलं. मग तो म्हणाला, "ते आता ड्रायव्हरला विचारा."

ड्रायव्हरने शेवटची ओळ कापून इंजिन बंद केलं. कपाळावरचा भुसा पुसला. खाली उतरेल असं वाटलं, पण ती उतरली नाही. तिने केबिनचं दार उघडलं, शेजारची घडीची सीट पाडली आणि मुलांना म्हणाली, "दोन वर्षं मोठ्या माणसांना दिसलं नाही ते तुम्ही तीन दिवसांत बघितलंत. चला. मोकळ्या शेतातून प्रत्येकाला एक चक्कर. आधी शेंडेफळ, मग वकील, मग ताई."

"आणि मी?" दारावरून मामा म्हणाला.

मामीने खाली पाहिलं.

"अहो, रांगेत या," ती म्हणाली. "मुलांचं झालं की तुम्ही."

तेव्हा वेल्डरकाकाने आणि भंगारवाल्याने दार उचललं आणि मामाला, जसा होता तसा आडवा, नेऊन ताईच्या मागे ठेवलं.